रुमालाखालचा आकडा

मनकर्णाबाईच्या बागेचा भाव दरसाल दोनच माणसांना ठाऊक असायचा, आणि त्या दोघांत मनकर्णाबाई नसायची.

बाग तिचीच होती. पाचोडपासून कोसभरावर, नाल्याच्या काठानं मोसंबीची दोनशे दहा झाडं. खड्डे तिनं आणि नवऱ्यानं मिळून खणले, पण पहिले दोन उन्हाळे घागरीनं पाणी घालून ती झाडं जगवली ती तिनं एकटीनं. रामकिसन जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. एकुलती लेक चिकलठाण्याला दिलेली, जावई कंपनीत. सातबाऱ्यावर नाव मनकर्णाबाईचं. एवढं सगळं तिचं असून सौद्याच्या दिवशी हात जायचा तो दिराचा, पुंजारामचा.

कारण सौदा व्हायचा रुमालाखाली. दलालानं आपल्या मनगटावर मोठा रुमाल टाकायचा, बागवाल्यानं त्याखाली हात घालायचा, आणि पुढचं सगळं बोटांनी. बोट धरून झटका दिला की दहा, नुसतं धरलं की एक. शेकड्याला बावीस म्हणायचं तर दोन बोटांना झटका, मग दोन बोटं नुसती. भोवती पन्नास माणसं बसलेली असायची, पण आकडा दोघांतच राहायचा. तोंडं तेवढी पावसापाण्याच्या गप्पा मारायची. आता बाईचा हात परक्या पुरुषाच्या हातात, तोही झाकून, भर बाजारात? ते व्हायचं नाही. म्हणून मनकर्णाबाई लिंबाखाली फळांच्या पाट्यांजवळ बसून राहायची. पुंजाराम हात धोतराला पुसत यायचा आणि म्हणायचा, “झालं. बरं झालं.”

“किती झालं, भावजी?”

“पैसे आणून देतो ना तुला, वैनी? मग आकड्याचं काय लोणचं घालती?”

रामकिसन होता तेव्हा असं नव्हतं. तो सौदा करून आला की चुलीपुढं बसायचा, तिचा पिठाचा हात ओढून घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं नाही, भिंतीपलीकडं भावाचं घर होतं. ती चुकीचा आकडा म्हणाली की हसायचा आणि पुन्हा दाबायचा. दोन-तीन सालांत तिची बोटं पक्की झाली. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चारचौघांत सांगण्यासारखंही नव्हतं.

ब्याऐंशी सालच्या श्रावणात सरूबाई तोडणीवाली तिच्या बांधावर पाणी प्यायला टेकली. पाणी पिऊन झालं तरी उठेना.

“बाई, एक सांगते, पर माझं नाव घेऊ नको. मागल्या साली ट्रकात तुझी फळं वर अन् पुंजारामभाऊची खाली भरली आमी. त्यांच्या बागेवर मंगू रोग पडला व्हता, साल समदी तांबडी झाल्याली. दोन्ही बागा एकाच भावात गेल्या.”

मनकर्णाबाईनं तांब्या परत घेतला आणि तळाशी उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं. या साली आपल्या बागेचा भाव आपण स्वतः ऐकायचा, एवढं तिनं त्या दिवशी ठरवलं. त्याहून जास्त तिला काही नको होतं. पण एवढंसुद्धा किती महाग आहे, हे तिला अजून कळायचं होतं.

आता संघाचं सांगायला हवं. तीन सालांपूर्वी आसपासच्या बारा गावांच्या बागवाल्यांनी मिळून मोसंबी बागायतदार संघ काढला होता. अध्यक्ष बद्रीनाथअण्णा, हजार झाडांचा धनी. उपाध्यक्ष पुंजाराम. संघाचं भांडण खरं होतं. दलाल शेकडा म्हणून एकशेबारा फळं मोजून घ्यायचे. ‘वरची बारा’ म्हणायचे त्याला. आज्यापासूनची रीत आहे म्हणायचे. ती बारा बंद करा, म्हणून या साली संघानं औरंगाबादला कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. बाया पुढं पाहिजेत, असा पुंजारामचाच निरोप होता. बाया पुढं असल्या की पोलीस लाठी उचलत नाहीत. मनकर्णाबाईनं क्रांती चौकापासून कचेरीपर्यंत फलकाचा दांडा धरला. घोषणा देऊन घसा बसला, खांदा सुजला. निवेदन द्यायला आत पाच जण गेले, पाचही पुरुष. बाया बाहेर भिंतीच्या सावलीला मोसंब्या सोलत बसल्या.

त्यानंतर आठ दिवसांनी मारुतीच्या पारावर संघाची बैठक झाली. फळ तयार झालं होतं. तरी तोडणी करायची नाही, दलाल नमेपर्यंत एकही पाटी बाजारात न्यायची नाही, असं ठरलं. टाळ्या पडल्या. अण्णांनी विचारलं, “आणखी कुणाला काही मांडायचं आहे का?” असं विचारायची रीत होती, मांडायची नव्हती.

मनकर्णाबाई मागून उठली.

“रुमाल बंद करा,” ती म्हणाली. “भाव तोंडानं बोला. आपल्या मागणीत तेबी लिहा.”

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग बन्सी बोलला. या बन्सीची जीभ त्याच्या बैलांपेक्षा जास्त चालायची. “वैनी, रुमाल बंद केल्यावर मी शेंबूड कशानं पुसू?”

सगळा पार हसला.

“नाक तुझं, तू बघ. मी भावाचं बोलते.”

“भाव तर पुंजारामभाऊ बोलतेत की तुमचा.”

“व्हय. अन् काय बोलतेत ते मला ऐकू येत नाय.”

पुंजारामचे कान तांबडे झाले. अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, “मनकर्णाबाई, आपली लढाई दलालांशी आहे. आपसात फूट पडेल असं बोलू नका.”

“दलालासंगं आपलाच माणूस काय बोलला ते आपल्यालाच कळत नाय, अन् फूट मी पाडते व्हय?”

हसणं थांबलं. पण तिच्या बाजूनं एक हात वर आला नाही. खांद्याला खांदा लावून मोर्चात चाललेली माणसं होती ती, खाली बघत बसली. कारण निराळंच होतं. सौदा झाला की हैदर दलाल प्रत्येकाच्या कानाशी लागायचा: “हा भाव तुझ्यापुरता. कुणाला बोलू नको.” फकिरा बागवाल्याला वाटायचं, आपलं फळ गोड म्हणून आपल्याला जास्त. बन्सीला वाटायचं, आपण बोलण्यात तिखट म्हणून आपल्याला जास्त. दोनशे बागवाले, आणि दोनशांची खात्री की शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये आपल्याच पदरात पडले. रुमाल गेला की ती खात्रीही जाणार होती. शंभरामागं बारा फळं गेलेली त्यांना परवडत होती. ते सुख गेलेलं परवडत नव्हतं.

“चला, चहा घ्या,” असं म्हणून फकिरानं बैठक मोडली. मनकर्णाबाईपर्यंत चहा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हैदरच्या दारात गेली. हैदर साठीचा, दाढीला मेंदी. त्याच्या बापानं निजामाच्या काळापासून याच बाजारात दलाली केलेली. तो ओट्यावर खाट टाकून बसला होता.

“हैदरभाई, या साली माझा सौदा माझ्याशी.”

“भाभी, तुमचा हात मी धरू? गाव मला जित्ता ठेवंल का?”

“मग तोंडानं बोल.”

“एकाशी तोंडानं बोललो की उद्या समदे तोंडानंच बोलतील. याचा भाव त्याला, त्याचा याला. मेरा धंदा बैठ जाएगा.”

“म्हंजे तुझा धंदा खोट्यावर चालतो.”

हैदर खाटेवरून उठला. “जबान सांभाळा, भाभी. तोंडानं मी खोटं बोलतो. दिवसातून शंभर डाव बोलतो, दलाल आहे मी. पर रुमालाखाली माझ्या बापानं कधी खोटं बोट दाबलं नाय अन् मीबी नाय. रुमालाखाली जो खोटा निघाला त्याचा हात मरेस्तोवर कुणी धरत नसतो या बाजारात.”

“मग मागल्या साली माझ्या बागेचा भाव काय दाबला, तेवढं सांग.”

“ते पुंजारामच्या हाताला सांगितलं. तुमच्या हाताला नाय.” आणि तो दार लोटून आत गेला.

ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पुंजाराम घरामागच्या विहिरीवर उभा होता. विहीर दोघांत होती, पण बागांना पाणी चढवणारी मोटार त्याच्या खोलीत.

“परक्या माणसाच्या दारात जाऊन सौदा मागती? भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तू.”

“तुमी भाव सांगत नाय, म्हणून गेले.”

“अकरा वर्षं तुझी बाग इकली मी. कधी एक पैसा खाल्ला का?”

“पैशाचं मी म्हणलंच नाय, भावजी. तुमची मंगूची फळं माझ्या फळाखाली बसून गेली. त्याचं म्हणते.”

हे तिला कुणी सांगितलं असेल, त्याचा पुंजाराम मनात हिशेब करत असावा. मग आवाज खाली आणून म्हणाला, “संघाच्या सौद्यात मधी पडलीस तर या विहिरीवर पाय ठेवायचा नाय. मोटार कुणाच्या खोलीत हाय ते ध्यानात ठेव.”

भिंतीपलीकडून धाकट्या जावेचा, वच्छलाबाईचा आवाज आला. ती कुणाशी बोलत नव्हती, पण ऐकू जावं असं बोलत होती: “अकरा वर्षांनी बाईला हात धरायला माणूस पाहिजे झाला!”

पाणी तोडायच्या धमकीनं मनकर्णाबाईचं काही झालं नाही. या वाक्यानं मात्र त्या दिवशी तिला भाकर गेली नाही.

चार दिवस बाजार बंद राहिला. पिकलेली फळं देठ सोडून खाली पडू लागली. बागेत शिरलं की आंबूस वास यायचा. बाहेरगावचे ट्रक रिकामे उभे होते. पाचव्या दिवशी, आठवडी बाजाराच्या दिवशी, दोन्ही बाजू तडजोडीला बसल्या. बाजारतळावर चिंचेखाली सतरंजी अंथरली. एका अंगाला दलाल, त्यांच्या वतीनं हैदर. दुसऱ्या अंगाला अण्णा आणि पुंजाराम. भोवती दोनशे बागवाले, आणि कडेला बाया.

“बाराचं शून्य झाल्याबिगर संघ उठणार नाही!” अण्णा गरजले. टाळ्या.

“शून्यावर आमची चूल कशी पेटंल, अण्णा?”

“आमची कशी पेटते ते कधी बघायला आला व्हता का?” पुंजाराम म्हणाला. पुन्हा टाळ्या.

असं दोन तास चाललं. सावली सरकून ऊन सतरंजीवर आलं. तेव्हा अण्णांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाले, “बरं. आता मधला काहीतरी मार्ग काढू.”

हैदरनं खांद्यावरचा रुमाल काढून मनगटावर टाकला. अण्णांचा हात त्याखाली गेला.

दोनशे माणसं बघत होती. घसा फोडून घोषणा दिलेली माणसं, फळं मातीत घातलेली माणसं. बारा गावांचा सौदा दोन हातांत झाकला गेला आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. आज्या-पणज्यापासून सौदा असाच होतो, मग हा वेगळा कसा होईल? उलट सगळे शिस्तीत गप्प बसले. रुमाल दोनदा हलला. “यंदा पाऊस बरा आहे,” अण्णा म्हणाले. “अल्लाची मेहेरबानी,” हैदर म्हणाला. हात बाहेर आला.

“मिटलं!” पुंजाराम उठून ओरडला. “संघाचा विजय असो!”

“असो!” दोनशे गळे.

“किती मिटलं?” मनकर्णाबाईनं विचारलं.

अण्णांनी तिच्याकडं न बघता सांगितलं, “समाधानकारक. प्रत्येक गावाला कळवू.”

“गावं हितंच बसलीत. आत्ता कळवा.”

“आकडा आत्ता फुटला तर सौदा मोडेल. बाई, खाली बसा.”

ती बसली नाही. सतरंजीपाशी आली, चपला काढल्या, आणि तोंडाचा आ करून बघणाऱ्या माणसांमधून चालत हैदरच्या समोर जाऊन मांडी घालून बसली. रुमाल अजून त्याच्या मनगटावरच होता. तिनं त्याखाली हात घातला आणि त्याचा हात पकडला.

बाजारतळावर एकच गलका झाला. हैदरनं हात ओढला. पण तिच्या हातांनी दोन उन्हाळे घागरी ओढल्या होत्या.

“या अल्ला! भाभी, सोडा.”

“तोंडानं इचारते, बोटानं सांग. आत्ता अण्णांनी काय धरलं?”

“वढा तिला बाजूला!” पुंजाराम धावला. हात उगारला, पण तसाच राहिला. तिला ओढायचं तर थोरल्या वहिनीच्या अंगाला हात लावायला लागणार, तोही भर बाजारात.

“राहू द्या की पुंजारामभाऊ,” बन्सी ओरडला, “वैनीनं दुसरा संसार थाटला!”

काही जण हसले. मनकर्णाबाईनं वळून पाहिलं नाही. हैदरचा हात घामानं ओला झाला होता. तो गर्दीकडं बघत म्हणाला, “मला काय इचारता, अण्णांना इचारा.” तोंड दलालाचं होतं. पण रुमालाखाली तिच्या एका बोटाला झटका बसला. मग तेच बोट नुसतं धरलं गेलं.

“अकरा,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाराचे अकरा केले अण्णांनी. एक फळ.”

“खोटं आहे!” अण्णा ताडकन उठले. “बाईला काय कळतंय बोटांतलं?”

तेव्हा फकिरा पुढं आला. तसा तो भांडणाचा माणूस नव्हता. “हैदरभाई, अण्णा म्हणतेत खोटं हाय. तुझी बोटं खोटी का?”

हैदरनं ओठ चावला. मग सावकाश म्हणाला, “बोटं खोटी नाहीत.”

मनकर्णाबाईला वाटलं होतं, आता लोक अण्णांवर उठतील. तसं झालं नाही. निम्मे तिच्यावरच उठले. “एक तर कमी झालं व्हतं! तेबी घालवलं हिनं!” “बाईमाणसाला मोर्चात नेलं तिथंच चुकलं!” अण्णा म्हणत होते, एकापासूनच सुरुवात होत असते. एवढ्यात फकिरानं बन्सीचा दंड धरला.

“मागल्या साली तुला काय भाव दिला?”

“तुला काय करायचंय?”

“सांग म्हणतो ना.”

“चोवीस.”

“मलाबी चोवीस. अन् म्हणला, तुझ्यापुरता.”

“मला तेवीस!” मागून कुणीतरी किंचाळलं. “माझं फळ काय दगड व्हतं का?”

मग मात्र काही आवरलं नाही. भाऊ भावाला भाव विचारू लागला आणि उत्तर ऐकून त्याच्याच अंगावर जाऊ लागला. बन्सीची टोपी पायाखाली गेली. कुणी दलालांना शिव्या देत होता, कुणी अण्णांना, बरेच जण एकमेकांना. तीन सालांत एकदाही न भांडलेला संघ अर्ध्या घटकेत हातघाईवर आला.

त्या गोंधळात मनकर्णाबाईनं हात सोडला नव्हता.

“आता माझा,” ती म्हणाली.

“लोक बघतेत, भाभी.”

“बघू दे. माझी फळं येगळ्या ट्रकात जातील. मंगूचं एक फळ नाय. शंभराचे शंभर मोजायचे. दाब.”

दोन बोटांना झटका, मग पुरा पंजा. पंचवीस. तिनं त्याची तीन बोटं धरून झटका दिला, मग तीन नुसती धरली. तेहेतीस. हैदरनं मान हलवली. चार-दोन वेळा बोटं इकडून तिकडं झाली. शेवटी त्यानं तीन बोटांना झटका दिला आणि एक धरलं. हात सुटावा म्हणून दिला की माल बघून दिला, ते त्याचं त्याला ठाऊक.

“एकतीस!” मनकर्णाबाई उभी राहून म्हणाली. पुंजाराम चार हातांवर होता. त्याला ऐकू गेलं, हे तिनं बघितलं. मग चपला घातल्या आणि ती निघाली. तिला वाट द्यायला लोक सरकले, पण आदरानं नाही. अंगाला अंग लागू नये म्हणून.

घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोटारीच्या खोलीला नवं कुलूप होतं. पुंजाराम तिच्या आधी सायकलवर येऊन ते काम करून परत गेला होता. तिनं कुलूप हातात धरून बघितलं, सोडलं, आणि घरातून घागर काढली. नाल्याला अजून पाणी होतं.

भिंतीपलीकडं वच्छलाबाई उखळात मिरच्या कुटत होती. घागरीचा आवाज ऐकून म्हणाली, “आली का बाई, हात धरून?”

“आले,” मनकर्णाबाई म्हणाली. “एकतीस. शंभराचे शंभर.”

आळीच्या टोकापर्यंत जावं असं ती म्हणाली. या आळीत असा आकडा कुणी कधी उघड्यावर बोललं नव्हतं. समोरच्या ओट्यावरच्या दोघी उठून आत गेल्या.

मुसळ थांबलं होतं. मग वच्छलाबाई भिंतीच्या अगदी जवळ आली असावी, कारण आवाज बारीक होता आणि तरी नीट ऐकू आला.

“बाई... आमची बाग कितीला गेली व्हती वं, मागल्या साली?”

मनकर्णाबाईनं घागर कमरेवर घेतली.

“तुझ्या नवऱ्याच्या हाताला इचार,” ती म्हणाली, आणि नाल्याच्या वाटेला लागली.